लक्ष रिषभावर असू दे

वाचकाचं पत्र:

"ताई, मी मुलुंडला राहते, वय २९, बँकेत नोकरी करते. लहानपणापासून दादरला बाईंकडे गाणं शिकतेय. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, 'तयारी छान आहे, पण भाव नाही.' ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही. गेल्या श्रावणात बाबा गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी एका घरगुती बैठकीत मारवा राग गात असताना ते अचानक आठवले, माझा आवाज फुटला, समोरच्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. सगळे म्हणाले, आज तू खरी गायलीस. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात मी डोळे मिटून मुद्दाम हॉस्पिटलमधले शेवटचे दिवस आठवते. कधी रडू येतं आणि सूर उतरतो. कधी काहीच होत नाही आणि मी कोरडी गाते. मागच्या वेळी तर बंदिशीचा मुखडा चुकला, सम (तालाची पहिली मात्रा) हुकली. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण पुढच्या तालमीला तासभर माझ्याकडून मारव्याचा नुसता रिषभ, म्हणजे 'रे', लावून घेतला. भाऊ म्हणतो, भावबिव सोड, मात्रा मोज. पुढच्या महिन्यात पार्ल्याला संध्याकाळची सभा आहे. शेवटी बाबांचा आवडता अभंग म्हणायचं मनात आहे. भाव आणायचा कसा? की कार्यक्रमच रद्द करू?"

प्रिय मैत्रिणी,

बाबा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. अशा काळात तू नोकरी, मुलुंड-दादर ये-जा आणि रियाज हे सगळं धरून ठेवलंस. त्यामुळे 'मी कोरडी गाते' हे तुझं स्वतःबद्दलचं मत मी सहजासहजी मान्य करणार नाही. कोरड्या माणसाला सम हुकल्याचं इतकं दुःख होत नाही.

आधी त्या घरगुती बैठकीबद्दल बोलू, कारण गुंता तिथेच पडलाय. तू लिहितेस, 'मारवा राग गात असताना ते अचानक आठवले.' म्हणजे आधी मारवा होता. तू त्याच्या आत होतीस, आणि बाबा तिथे आपसूक आले. नंतरच्या प्रत्येक कार्यक्रमात तू हा क्रम उलटा केलास. आधी हॉस्पिटल, मग मारवा. एकीकडे आठवण उकरून काढायची आणि दुसरीकडे राग मांडायचा, अशी दोन कामं तू स्वतःला लावून घेतलीस. पण लक्ष एकच असतं गं. ते वॉर्डात जाऊन बसलं की मारव्याकडे बघायला कोणी उरत नाही. मुखडा चुकला तो त्यामुळे, तयारी कमी पडली म्हणून नाही.

आणखी एक. त्या बैठकीतली माणसं घरची होती. बाबा कोण होते, कसे गेले, हे त्यांना ठाऊक होतं. तुझा आवाज फुटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर बाबाच उभे राहिले असणार. पार्ल्याच्या श्रोत्यांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्यापर्यंत पोचेल तो फक्त तुझा स्वर. तो उतरला तर ते हळहळतील, 'बिचारीचा आवाज आज लागत नाहीये' म्हणतील. तुझं दुःख त्यांच्यापर्यंत जाणार नाही.

गळा दाटून येतो तेव्हा शरीरात काय होतं, हे गाणाऱ्याला माहीत असायला हवं. आवाज निघायचा तर स्वरतंतू एकमेकांजवळ येऊन त्यांच्यामधून श्वास एका दाबाने, सलग जावा लागतो. रडू येताना शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून ते घशाचं दार उघडं ठेवायला बघतं. तू गाण्यासाठी ते मिटायला बघतेस. या ओढाताणीत गळ्यात गोळा येतो. श्वास हुंदक्याहुंदक्याने तुटतो आणि लांब ठेवलेला स्वर शेवटी खाली बसतो. यात तुझा दोष काहीच नाही. फक्त रडणं आणि गाणं ही दोन्ही कामं एकच गळा एकाच क्षणी करू शकत नाही.

भरतमुनींनी हे फार बारकाईने पाहिलं होतं. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर उमटल्याच्या खुणा, सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. यातला स्वरभेद म्हणजे तोच, तुझा त्या दिवशी फुटलेला आवाज. हे भाव रंगमंचावर उमटतात कुठून, याचं भरतमुनींचं उत्तर असं की ते एकाग्र झालेल्या मनातून येतात, विखुरलेल्या मनाला ते दाखवता येत नाहीत. त्यांच्यासमोर नट होता, गायक नव्हता, हे खरं. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. आधी मन एका जागी येतं, अश्रू त्याच्या मागून येतात.

आता मारव्याकडे ये. या रागात जे आहे ते तू अजून पुरतं ऐकलेलं नाहीस असा मला संशय आहे, आणि बाईंनाही तोच आला असणार. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही, हे तुला शाळकरी वयापासून पाठ आहे. पुरिया आणि सोहनी या रागांचेही स्वर तेच. पण पुरिया गंधार-निषादावर विसावत मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरतो आणि गंभीर होतो, सोहनी वरच्या सप्तकात खेळते आणि चंचल होते. मारव्यात रिषभ आणि धैवत यांची सत्ता, आणि षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', मुद्दाम लांब ठेवलेला. स्वर तेच असताना तीन वेगवेगळे भाव झाले, ते कुठला स्वर धरायचा आणि कुठला सोडायचा एवढ्याच निर्णयामुळे. यातल्या कुठल्याही निर्णयाला गायकाच्या घरातली दुःखं लागत नाहीत.

मारव्याची हुरहुर त्या न लागलेल्या षड्जात आहे. तंबोऱ्यात षड्ज अखंड वाजतोय, श्रोत्याच्या कानाला तिथे परतायचंय, आणि गाणारी रिषभावर उभी आहे. घर समोर दिसतंय आणि जायचं नाहीये. सूर्य बुडतानाच्या वेळेला हा राग का शोभतो, ते असं गायलं की कुणाला समजवावं लागत नाही. पण हे घडायचं तर गाणाऱ्याला प्रत्येक क्षणी षड्ज कुठे आहे याची जाण हवी आणि तिथे न जाण्याचं बळ हवं. कोमल रिषभ षड्जाच्या इतका लगत आहे की लक्ष जरा ढिलं पडलं की तो घसरतो, आणि घसरला की ताण संपतो. रडून घसरला काय आणि कंटाळून घसरला काय, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मारवा तिथेच मोडला.

म्हणून बाईंनी तुझ्याकडून तासभर रिषभ लावून घेतला. तुला ती शिक्षा वाटली, हे तुझ्या पत्रातल्या ओळीवरून कळतं. मला वाटतं, तुझ्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर होतं, त्यांच्या पद्धतीने दिलेलं. जुन्या वळणाच्या गुरूंना 'भाव' या विषयावर बोलायला आवडत नाही, ते तो स्वर हातात देतात आणि बसवून ठेवतात. तरी बाईंशी एकदा मोकळेपणाने बोल. तू कार्यक्रमात काय आठवत बसतेस, हे त्यांना कदाचित माहीतच नसेल.

परीक्षकांच्या वाक्याबद्दल. 'भाव नाही' हा शेरा आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय करायचं हे त्यातून काहीच कळत नाही. मी अनेक वर्षं पेटीवर साथ करतेय. पेटीवाल्याला गायकाच्या बाजूला बसून त्याचा प्रत्येक स्वर पाठोपाठ धरायचा असतो, त्यामुळे त्याचं लक्ष कुठे गेलं हे बहुधा आम्हाला सगळ्यांत आधी कळतं. स्वराची सुरुवात सगळेच चांगली करतात. लक्ष उडालेला गायक स्वराचा शेवट टाकून देतो. दाद मिळाली की पुढचा श्वास छातीत वर अडकतो, मुखडा घाईने येतो, शब्दाचा शेवटचा अक्षरभाग गिळला जातो, दोन ओळींमधली शांतता नाहीशी होते. अशा गाण्याला श्रोता 'भाव नाही' म्हणतो. तुझ्या परीक्षकांनी यातलंच काहीतरी ऐकलं असावं. त्यावर उपाय स्वराचा शेवट सांभाळणं हा आहे. चेहरा करुण करून किंवा हात पसरून ते भरून निघत नाही.

हे काही आजचं नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी 'संगीत रत्नाकर' या ग्रंथात गायकाचे पंचवीस दोष सांगितले. त्यात भीत गाणारा आहे, थरथरत गाणारा आहे, तोंड विक्राळ उघडणारा आहे, डोळे मिटून गाणारा आहे, आणि लक्ष नसलेलाही आहे. अवधान सुटणं हा त्यांनी बेसूर होण्याच्या शेजारी बसवलेला, स्वतंत्र दोष आहे. डोळे मिटण्याबद्दल मी त्यांच्याइतकी कडक होणार नाही. मोठमोठे कलावंत डोळे मिटून गायले. तू मात्र काही दिवस डोळे उघडे ठेव, कारण ते मिटले की तुला हॉस्पिटल दिसतं.

केसरबाई केरकरांचं भैरवीचं ध्वनिमुद्रण तुला माहीत असेलच, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेलं. साडेतीन मिनिटांच्या आसपासचं आहे. आज रात्री दिवा बंद करून ऐक. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत, त्यांच्या आयुष्यातलं काही आपल्याला तिथे कळत नाही. आवाज भक्कम, 'आ'कार मोकळा, एकही स्वर अर्धवट सोडलेला नाही. आणि तरी आत काहीतरी हलतं. त्या वेळच्या तबकडीत वेळच तेवढा असायचा, उसासे टाकायला जागा नव्हती. मला तर दर वेळी वाटतं की त्या भैरवीतली आर्तता त्या भक्कमपणातूनच आली आहे.

तुझ्या भावाचं, 'मात्रा मोज' हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. तालाकडे लक्ष हवंच. पण मात्रा मोजणं म्हणजे लक्ष नव्हे. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात एका मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. तेवढा वेळ मनात आकडे म्हणत राहिलीस तर गाणं हिशेबाच्या वहीसारखं होईल. ठेका कानाने ऐकायचा. तबल्याचा डग्गा कुठे घुमतो, कुठे गप्प होतो, यावरून सम किती दूर आहे ते शरीराला कळायला लागतं, आणि मग मन स्वरासाठी मोकळं राहतं.

आता या महिन्यात काय करायचं ते सांगते. रोजच्या रियाजातला अर्धा तास वेगळा काढ. फोन दुसऱ्या खोलीत, तंबोऱ्याचं ॲप वापरत असशील तर विमान मोडवर. त्या अर्ध्या तासात मंद्र निषाद, रिषभ आणि गंधार यांच्या बाहेर जायचं नाही. प्रत्येक स्वर श्वास संपेपर्यंत ठेवायचा आणि त्याचा शेवट ऐकायचा. मन ऑफिसला जाईल, बाबांकडे जाईल, पार्ल्याच्या पहिल्या रांगेत जाऊन बसेल. गेलं की रागवायचं नाही, पुढच्या श्वासाला परत यायचं. हे परत येणं हाच त्या अर्ध्या तासाचा रियाज आहे. मन अजिबात न भटकण्याची वाट बघत बसलीस तर निराश होशील.

चिजेचे, म्हणजे बंदिशीचे, शब्द बाईंकडून नीट समजून घे आणि न गाता, बोलल्यासारखे मोठ्याने म्हण. श्वास कुठे घेतला तर अर्थ तुटतो, कुठे घेतला तर उलट उमलतो, हे बोलून पाहिल्याशिवाय कळत नाही. ब्रज भाषेतले शब्द आपल्याकडच्या मुली पाठ करतात आणि अर्थाशिवाय गातात, याचं मला वाईट वाटतं. भावाची सगळ्यांत जवळची वाट तीच असते आणि आपण ती सोडून देतो.

आठवड्यातून एकदा पूर्ण मारवा रेकॉर्ड कर, पण फक्त आवाज. व्हिडिओ नको, तू चेहराच बघत बसशील. आणि लगेच ऐकू नकोस, तीनचार दिवस जाऊ देत. गाताना काय वाटलं होतं ते विसरल्यावरच आपलं गाणं परक्याच्या कानाने ऐकता येतं. बहुतेक तुझ्या लक्षात येईल की जिथे गाताना तू भारावली होतीस तिथे स्वर सैल आहे, आणि जिथे तुला 'काही विशेष नाही' वाटलं होतं तिथे मारवा सुरेख उभा राहिलाय. एक दिवस खिडकी सताड उघडी ठेवून गा, रिक्षांचे हॉर्न, शेजारचा कुकर, सगळं येऊ दे. मुंबईत निःशब्द सभागृह मिळेलच असं नाही. किशोरीताई आमोणकर श्रोत्यांकडून शांततेचा आग्रह धरत, प्रसंगी गाणं थांबवत. लोकांना तो हट्ट वाटायचा. मला त्यात स्वराची काळजी दिसते. आपल्याला तो अधिकार अजून नाही, म्हणून गोंगाटातही टिकणारं लक्ष आपण कमावायचं.

दुःखाचं काय, हे राहिलंच. त्याला दाबून टाक असं मी मुळीच म्हणत नाहीये. रियाजात रडू आलं तर तंबोरा खाली ठेव आणि रड. पोटभर रड, पाणी पी, मग षड्ज लाव. आईजवळ बस, भावाशी बाबांबद्दल बोल, तोही मात्रा मोजून दुःख टाळतोय का ते बघ. दुःखाला घरात अशी हक्काची जागा मिळाली की ते स्टेजवर धक्का मारून वर येत नाही. आणि झोप, जेवण, कामावरचं लक्ष हे सगळंच अजून विस्कटलेलं असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. हॉस्पिटलचे तेच ते दिवस तू महिनोन् महिने स्वतःहून डोळ्यांपुढे आणतेयस. त्याचा मनावर काय परिणाम होत असेल याची मला गाण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. ते आजपासून थांबव.

सभेच्या दिवशी लवकर पोच. तंबोरा स्वतः जुळव, पहिली तार निषादाला. जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झणकार, बोलायला लागेपर्यंत कुणाशी गप्पा नकोत. मन गोळा करायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. गाताना बाबा आठवले तर आठवू देत, त्यांना हाकलायचं नाही आणि त्यांच्यामागे जायचंही नाही. गळा भरून आलाच तर थांब. ठेका चालू असतो, तंबोरा वाजत असतो, पेटीवाली व्यक्ती जागा भरून काढते, ते आमचं कामच आहे. श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोड आणि मंद्र धैवतावरून पुन्हा सुरू कर. एक आवर्तन रिकामं गेल्याने श्रोते उठून जात नाहीत. तुला ते फार लांब वाटेल, त्यांना वाटणार नाही.

कार्यक्रम रद्द करू नकोस. बाबांचा अभंग मात्र या वेळी पार्ल्याला म्हणू नकोस. मारव्यानंतर, थकलेल्या गळ्याने, तो तुला आज पेलणार नाही, आणि सभा संपेपर्यंत तुझं अर्धं लक्ष 'आता तो येणार' या धास्तीत राहील. वर्षश्राद्धाला घरी म्हण, तिथे आवाज फुटला तरी चालेल. संयोजकांना आजच विचार, तुला किती वेळ देणार आहेत. पाऊण तास असेल तर मारवा एकटाच घे, विलंबित आणि द्रुत. तबल्यावर कोण आहे ते कळलं की फोन करून त्यांना लय सांगून ठेव, आणि जमलं तर सभेआधी एकदा बाईंच्या घरी सगळ्यांनी मिळून बसा.

तुझी,
ताई